तिकडे पानी आला का?

मृग लागला की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो : तिकडे पानी आला का? शहरी वाचकाला यात दोन चुका दिसतील. वऱ्हाडात त्या चुका नाहीत. इथे ‘पाऊस पडला’पेक्षा ‘पानी आला’ म्हणणारे जास्त. उत्तरे शिरपूरहून येतात, शेलूबाजारहून येतात, मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरून येतात. कोणी नुसता ढगांचा फोटो टाकतो. कोणी मातीत बोट खुपसून ओल किती खोल गेली ते दाखवतो. कोणी बोलून पाठवतो, आणि आवाजामागे पत्र्यावर वाजणारा पाऊसच काय ते सांगून जातो. बियाण्याच्या पिशव्या घरात, खताची उधारी दुकानात आणि माणूस फोनकडे बघत बसलेला. पेरावे की थांबावे, एवढाच प्रश्न त्या दिवशी जगात असतो.

गेली काही वर्षे मी हे गट वाचत आलो आहे. ‘हवामान बदल’ हे दोन शब्द मला तिथे क्वचितच भेटले; भेटले ते बहुधा एखाद्या सरकारी जाहिरातीत किंवा कार्यशाळेच्या फोटोखाली. आणि तरीही माझे ठाम मत आहे की जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत हवामान बदलाइतकी चर्चा दुसऱ्या कशाची होत नसेल. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

समाजमाध्यमांवरचे बोलणे वाचून लोकमत जोखण्याची विद्या तशी नवी. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सप्टेंबर २००८ ते जुलै २०१४ या काळातली, ‘क्लायमेट’ हा शब्द असलेली ट्वीटे त्यांनी गोळा केली, त्यांतल्या शब्दांना सुखदुःखाचे गुण दिले आणि लोकांचा सूर कधी उतरतो, कधी चढतो ते पाहिले. नैसर्गिक आपत्ती, हवामानविषयक विधेयके आणि तेलाचे खोदकाम यांच्या वेळी सूर उतरला. मोर्चा-मेळाव्यांच्या वेळी चढला. न मागता मिळालेला जनमताचा कौल, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले होते. कल्पना मोह पाडणारी आहे. दारोदार प्रश्नावली घेऊन फिरायला नको. माणूस विचारणाऱ्याचे तोंड बघून जे शहाणपणाचे उत्तर देतो, ते ऐकायला नको. आपणहून जे बोलला तेवढेच घ्यायचे.

पण हा कौल शब्दाच्या दाराने आत येतो. ज्याच्या तोंडी तो शब्दच नाही, तो दाराबाहेर राहतो. येल विद्यापीठाने सी-व्होटर या पाहणी संस्थेच्या साहाय्याने ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात भारतातल्या ४,६१९ प्रौढांना प्रश्न विचारले होते. जागतिक तापमानवाढीविषयी थोडेसेच ठाऊक आहे किंवा कधी ऐकलेच नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. मग त्यांना तापमानवाढ म्हणजे काय ते थोडक्यात वाचून दाखवले. त्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडते आहे. नाव माहीत नव्हते, अनुभव होता. वाशीमच्या गटांवर मला जे दिसते, त्याचा एवढा नेमका पुरावा दुसरा नाही.

सरकारच्या योजनेतूनही ‘हवामान बदल’ हा शब्द गावापर्यंत पोहोचलेला नाही. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जाच्या आधारावर २०१८मध्ये राज्यात एक मोठा कृषी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या इंग्रजी नावात हवामानाच्या धक्क्यांना तोंड देणारी शेती स्पष्ट लिहिलेली आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे पाच हजार गावे होती आणि जिल्ह्यांच्या यादीत वाशीम होता. मराठीत त्याचे ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ असे नामकरण झाले, आणि गावात इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘पोकरा’ झाला. शेततळे, ठिबक, तुषार, शेडनेट, अनुदान म्हणजे पोकरा. ‘पोकराचं अनुदान जमा झालं का’ असे कोणी गटावर विचारतो, तेव्हा तो हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या खर्चाविषयीच विचारत असतो. पण अभ्यासकाच्या चाळणीत हा प्रश्न सरकारी योजनांच्या खात्यात जाऊन पडणार.

मग लोक कोणत्या शब्दांत बोलतात? माझ्याजवळ एक वही आहे. तीत मी असे शब्द टिपत आलो. जूनमध्ये ‘दुबार’ येतो. म्हणजे पेरलेले वाया गेले, पुन्हा पेरावे लागणार. जुलैत ‘झड’ लागते, ‘उघाड’ मागितली जाते, ‘वापसा’ नाही म्हणून डवरणी अडते आणि तण सोयाबीनच्या वर जाते. सखल वावर ‘चिभडते’, म्हणजे पाणी साचून खराब होते. ऑगस्टमध्ये ‘खंड’ पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या तोंडावर पाऊस आला की ‘कोंब’ हा शब्द येतो. उभ्या झाडावरच्या शेंगेत दाणा उगवलेला, आणि तळहातावर धरलेल्या त्या शेंगेचा फोटो. हिवाळ्यात ‘धुई’, म्हणजे धुके येते, तुरीचा फुलोरा गळतो. ‘आभाळ’ तर वर्षातून दोनदा अर्थ बदलते. जूनमध्ये ‘आभाळ आलं’ ही खुशखबर असते. डिसेंबरमध्ये तेच दोन शब्द तुरी-हरभऱ्यावरच्या अळीची वर्दी असतात.

खंड म्हणजे काय, हे २०२३ने शिकवले. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. सोयाबीन ऐन फुलाशेंगांवर होते. पुढे विदर्भात पिवळ्या मोझॅकने पाने पिवळी पडली. त्या दिवसांत गटांवर पिवळ्या झाडांचे फोटो आणि खाली एकच विचारणा : कोणती फवारणी घ्यावी? वरवर पाहता हा औषधाचा प्रश्न. कोरडा ऑगस्ट, रोग पसरवणारी पांढरी माशी आणि पिवळे पान ही साखळी ज्याला दिसते, त्यालाच हे हवामानाविषयीचे बोलणे म्हणून ओळखता येते.

‘अवकाळी’ या शब्दाविषयी मला वेगळी काळजी वाटते. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी वाशीमसह बुलडाणा, जालना जिल्ह्यांत गारपीट झाली, तेव्हा हातातल्या गारांच्या आणि झोडपलेल्या हरभऱ्याच्या फोटोंनी फोन भरून गेले होते. लोक हादरले होते. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावरचा पाऊस, गारा, वारा इतक्या वेळा आले की आज गारांच्या फोटोला पूर्वीइतकी दाद मिळत नाही. जे जवळपास दर वर्षी येते, त्याला अवकाळी म्हणायचे तरी कसे? संशोधक फ्रान्सेस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये अमेरिकेतल्या दोन अब्जांहून अधिक ट्वीटांच्या आधारे नेमके हेच दाखवले. माणसे आजच्या हवेची तुलना साधारण दोन ते आठ वर्षांपूर्वीच्या हवेशी करतात. तीच तीच विचित्र हवा काही वर्षे आली की तिच्याविषयी बोलणे कमी होते. मात्र बोलणे घटले तरी त्या हवेचा जाच घटत नाही. त्यांच्याच आकड्यांत लोकांचा सूर खालीच राहिलेला दिसला. म्हणून उद्या कोणी वाशीममधला ‘अवकाळी’चा वापर मोजून लोकांची चिंता घटली असा निष्कर्ष काढला, तर तो घातक ठरेल. ज्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी आजी आहे, त्या घराची स्मृती आठ वर्षांहून लांब आहे. पण आजी गटावर नसते. गटावर तिचा नातू असतो आणि त्याने फेब्रुवारीतल्या गारा लहानपणापासून पाहिल्या आहेत.

*

आता नोंदी वाचणाऱ्या यंत्राकडे येतो. समजा, कोणी ठरवले की वाशीमच्या नोंदी गोळा करायच्या. पहिली अडचण नावाचीच. ‘वाशीम’ लिहितात, ‘वाशिम’ही लिहितात. शेवटचे अक्षर गळाले तर आपण नवी मुंबईच्या वाशीत किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात जाऊन पोहोचतो. आपला मालेगाव तालुका आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव यंत्राला एकच. आपले कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे एकच. नावावरून शोधलेच, तर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमचे नाव देशभर गाजलेले सापडेल, कारण त्या दिवशी पंतप्रधानांनी किसान सन्मान निधीचा १८वा हप्ता इथून वितरित केला आणि पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. त्या गर्दीत कोणाच्या वावरातल्या सोयाबीनची नोंद हाती लागणे कठीण.

आमच्याकडे पावसाचा हिशेब नक्षत्रांनी होतो, म्हणून नक्षत्रांची नावे शोधावीत म्हटले तर रोहिणी, पूर्वा, उत्तरा, चित्रा, स्वाती या सगळ्या कोणाच्या तरी लेकी-सुना आहेत. स्वातीच्या पावसाची वाट पाहणारा निरोप आणि स्वातीच्या वाढदिवसाचा निरोप वेगळे काढायला माणूसच लागतो. त्यात कोणी मराठी रोमन लिपीत टंकतो, कोणी निम्मे हिंदीत. तांड्यावरचा माणूस बंजारांच्या गोरमाटीत बोलून पाठवतो.

मराठीसाठी काम झालेलेच नाही असे मात्र नाही, आणि ते मी आवर्जून सांगतो. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटे एकेक करून वाचली आणि अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ अशी खूण करून सर्वांसाठी खुली केली. विद्यार्थ्यांनी हाताने केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते. पुढे त्यांनी हा साठा ६०,००० नमुन्यांपर्यंत नेला. त्यात चित्रपटांची परीक्षणे आली, मालिकांचे संवाद आले, राजकीय आणि सर्वसाधारण ट्वीटे आली. शेतीचे स्वतंत्र दालन त्यात नाही. म्हणून या साठ्यावर शिकवलेले यंत्र वाशीमच्या गटावर लावले तर काय होईल, याचा अंदाज करता येतो. ‘जोरदार पाऊस’ हे शब्द मृगात सुखाचे आणि सोंगणीत दुःखाचे. पाण्याखाली गेलेल्या वावराच्या फोटोखाली लोक हात जोडलेल्याची खूण टाकतात. ती प्रार्थना आहे, सांत्वन आहे की ‘आता काय बोलणार’ आहे, हे तालुका आणि तारीख ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. ‘बळीराजा’ हा शब्द पुढाऱ्याच्या फलकावर गौरवाचा असतो आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या निरोपात बहुधा कोणाच्या तरी मरणाच्या बातमीत येतो.

ज्या गोष्टीवर मी सर्वाधिक विचार केला, ती म्हणजे नुकसानीचे फोटो. आपण त्यांना मत समजतो. शेतकऱ्यासाठी तो पुरावा असतो. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचा दावा करायचा तर ७२ तासांच्या आत कळवावे लागे, फोटो जोडावे लागत. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. अतिवृष्टी झाली असे धरायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदवला जावा लागतो. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६० पडला आणि आपल्या शिवारात नाल्याने बांध फोडून माती खरवडून नेली, तर शेतकऱ्याच्या हाती फोटोशिवाय काय उरते? म्हणून तो व्हॉट्सॲपवर टाकतो, फेसबुकवर टाकतो, आमदारांना टॅग करतो, वार्ताहराला पाठवतो. तो ‘हवामान बदलते आहे’ असे म्हणत नाही. ‘माझे गेले, येऊन पाहा’ असे म्हणतो. हवामान बदलाविषयीचे लोकमत इथे तक्रारीच्या, मागणीच्या, पंचनाम्याच्या भाषेत बोलते. सप्टेंबर २०२५च्या पावसाने मराठवाड्यासह विदर्भातली शेते बुडवली, तेव्हा ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी समाजमाध्यमांवर सगळीकडे होती. सरकारी नियमावलीत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही. तरी लोकांनी ती लावून धरली, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. हवामानाच्या प्रश्नावर अलीकडे महाराष्ट्रात उमटलेले एवढे मोठे लोकमत मला दुसरे आठवत नाही, आणि ते ‘हवामान बदल’ हे शब्द न वापरता उमटले.

लोक कोणावर विसंबतात, हेही लोकमतच. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे पावसाचे अंदाज यूट्यूबवरून आणि व्हॉट्सॲपवरून वाशीमच्या फोनांत रोज येतात. अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते आणि तिचे भाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व गटांवर फिरते. शास्त्राच्या कसोटीवर या गोष्टी उतरत नाहीत, आणि पेरणीसारखा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये असेच माझे मत आहे. पण फॉरवर्ड करणाऱ्याला अडाणी ठरवून पुढे जाणाऱ्या अभ्यासकाच्या हातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. आजोबांच्या काळचा नक्षत्रांचा आडाखा चुकू लागला, वेधशाळेचा अंदाज वर्षानुवर्षे जिल्ह्यापुरता मिळाला आणि माझ्या गावाचे कोणी सांगत नाही असे वाटत राहिले. या पोकळीत माणूस ज्याच्या बोलण्यात खात्री आहे त्याच्याकडे जातो. हे निरोप म्हणजे ऋतूवरचा विश्वास उडाल्याची नोंद आहे.

हा विश्वास उगाच उडालेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यांनी अभ्यासासाठी आखलेल्या अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात वाशीम बसते. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात ज्या गावांवरून मध्यरेषा जाते असे सांगितले, त्यांतही वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम आहे. कालगणनेसाठी एकेकाळी या गावाचे नाव घेतले जाई, हे आठवले की मला बरे वाटते. आणि आपल्या आभाळाचा हिशेब आपणच ठेवायला हवा, असेही वाटते.

*

हिशेब ठेवायचा तर आधी कोण बोलत नाही ते पाहावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के होते, पुरुषांचे ६१ टक्क्यांहून अधिक. वावरात निंदणाला, सोंगणीला बाया असतात. खंड पडला की पहिली मजुरी त्यांची बुडते. गटावरचा आवाज बहुतांशी जमीन नावावर असलेल्या पुरुषाचा असतो. एप्रिल-मे महिन्यात मजुरीला निघालेल्या बाईला उन्हाविषयी काय म्हणायचे आहे, ते कोणत्याच फोनवर सापडणार नाही. तिच्यापर्यंत चालतच जावे लागेल.

दुसरे, जिथे बोलणे होते ती जागा बंद दारामागची आहे. ट्विटरने फेब्रुवारी २०२३मध्ये फुकट माहिती देणे थांबवण्याची घोषणा केली. फेसबुकच्या सार्वजनिक नोंदी पाहू देणारे क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. व्हॉट्सॲप तर आधीपासूनच खासगी, आणि ते तसेच राहावे. गटात गुपचूप शिरून निरोप गोळा करणे मला अजिबात मान्य नाही. तिथे माणसांचे नंबर असतात, कर्जाच्या गोष्टी असतात, घरातली दुःखे असतात. उत्तर प्रदेशात संशोधकांनी वेगळा रस्ता धरला. सुमारे ५०० लोकांनी समजून-उमजून, परवानगी देऊन आपल्या गटांवरचा मजकूर अभ्यासासाठी दिला. वाशीममध्ये हे का होऊ नये? अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारी आहे, रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, राज्यभर महसूल मंडळांत ‘महावेध’ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. शेतकऱ्याने म्हटले ‘तीन आठवडे पानी नाही’ आणि मंडळाच्या केंद्रानेही तेच सांगितले, तर त्या दोन नोंदी शेजारी ठेवता येतील. जुळल्या नाहीत तर अधिकच उपयोग. कारण शिवाराशिवारांतले जे अंतर यंत्राला दिसत नाही, ते शेतकऱ्याला दिसते आणि त्यावरूनच त्याची मदत अडते. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात चियाची लागवड वाढली. ती का वाढली, याच्या कारणांत बाजारभाव किती, रोही-रानडुकरांचा त्रास किती आणि पावसाचा लहरीपणा किती, हेही अशाच नोंदींतून उलगडू शकेल.

विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावे, मराठीच्या शिक्षकांनी वऱ्हाडी शब्दांची यादी करून द्यावी, ही माझी विनंती आहे. पण त्याची वाट न पाहता वाचकाला आजपासून करता येण्यासारखे एक काम आहे. फोन भरला की आपण आधी पावसाचे, कोंब फुटलेल्या शेंगांचे, गारांचे फोटो पुसतो. ते पुसू नका. आणि पुढच्या मृगात वावराचा फोटो टाकाल, तेव्हा त्याखाली गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख लिहा.